आठ चिरंजीव आणि एक शिष्य

लोणच्याची बरणी उतरवताना ‘चिनी माती’ या शब्दातला चीन देश कुणाला आठवतो? मला तो आठवतो खरा; कारण जुन्या चिनी भांड्यांची चित्रं पाहत बसायचा नाद मला फार दिवसांचा आहे. पांढऱ्याशुभ्र वाडग्यांवर निळ्या रंगात काढलेला आठजणांचा एक मेळा त्यांत वरचेवर भेटतो. ताओपंथी दंतकथांतले हे आठ सिद्ध. आपले चिरंजीव सात, त्यांचे एक जास्त! कुणाच्या ओठी बासरी, कुणाच्या हाती पंखा, कुणाजवळ तलवार. कमळ घेतलेली एक बाईही त्यांत आहे. एक म्हातारा गाढवावर उलटा बसतो आणि मुक्काम आला की ते गाढव कागदासारखं घडी घालून ठेवून देतो!

मिंग घराण्यातला ज्याजिंग बादशहा मोठा ताओभक्त. जिंगदेजेनच्या भट्ट्यांतून या सिद्धांची चित्रं काढलेली भांडी त्याच्या कारकिर्दीत तयार होत. अमर व्हावं म्हणून तो पाऱ्याची औषधं घेई, आणि १५६७ साली साठीच्या आतच वारला. भांडी मात्र साडेचारशे वर्षं टिकली. दांत्रकोल नावाच्या फ्रेंच पाद्र्याने १७१२ साली जिंगदेजेनविषयी एक पत्र लिहिलं. एकेक भांडं म्हणे सत्तरजणांच्या हातांखालून जाई. बाह्यरेषा काढणारा वेगळा, रंग भरणारा वेगळा. या सत्तरांपैकी कुणाचं नाव भांड्यावर नसे. सरकारी भांड्याच्या तळाशी नाव असे, ते बादशहाच्या कारकिर्दीचं!

आठांपैकी मला जवळचा वाटतो तो लोखंडी कुबडीचा ली. त्याचा आत्मा लाओत्सेला भेटायला निघाला, तेव्हा देह शिष्याच्या हवाली करून तो म्हणाला, ‘सात दिवस वाट पाहा. नाही आलो, तर दहन कर.’ सहाव्या दिवशी शिष्याला निरोप आला: आई अत्यवस्थ आहे. त्याने गुरूचा देह जाळला आणि घर गाठलं. परतलेल्या आत्म्याला शेवटी एका लंगड्या भिकाऱ्याच्या मृत देहात शिरावं लागलं.

आपल्या नाथांच्या गोष्टी ऐकलेल्यांना परकायाप्रवेशाचं नवल वाटायचं नाही. माझं मन अडतं ते त्या शिष्यापाशी. मॅट्रिक झाल्यावर मला कॉलेजात जायचं होतं. पण वडील अंथरुणाला खिळले, आणि मी शिकायचं सोडून शिकवायला लागलो. दरवर्षी वर्गातला एखादा बाक असाच रिकामा होतो. कुणाची आई आजारी असते, कुणाच्या बापाचं काम सुटलेलं असतं. हजेरी घेताना त्या नावापाशी माझा आवाज जरा थांबतो. रागवायचं कुणावर? सहाव्या दिवशी घराकडे धावणाऱ्यावर?

वाडग्यावर तो शिष्य सहसा नसतो. त्याची जागा त्या सत्तरजणांत, नाव न उरलेल्यांत. पण लीच्या हाती एक भोपळा असतो, औषधाने भरलेला. कथेच्या एका पाठात म्हटलं आहे की, भिकाऱ्याच्या देहात लंगडत हा गुरू थेट शिष्याच्या घरी गेला आणि त्या औषधाने त्याने त्याच्या आईला उठवलं.

चिरंजीव व्हायला एवढं पुरेसं आहे, असं मला वाटतं. निदान मास्तराला तरी!