पावणेदोन फेरे

मागच्या शनिवार-रविवारी कोडची एक ओळ लिहिली नाही, पण डीबगिंग मात्र भरपूर केलं. पोलादपूरच्या घरी, अंगणात, बाबांच्या प्रीमिअर पद्मिनीचं.

ज्यांनी ही गाडी फक्त जुन्या सिनेमात पाहिली आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. मूळची इटलीची फियाट ११००. १९६४ पासून तिचं डिलाइट मॉडेल मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात बनू लागलं आणि १९७४ मध्ये तिचं 'पद्मिनी' असं बारसं झालं. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगलाच गिअरचा दांडा, आणि मुंबईची काळी-पिवळी म्हणजे हीच! आमची १९८८ ची. दीड वर्षापासून अंगणात उभी होती, कारण तिचा कार्ब्युरेटर गेला होता.

गेला म्हणजे काय, तर थ्रॉटलची पट्टी ज्या बारीक दांड्यावर फिरते, त्या दांड्याची भोकं झिजून मोठी झाली होती. तिथून फुकटची हवा आत जायची. मग स्क्रू कितीही पिळा, गाडी आयडलिंगला एका जागी उभी राहीना.

महाडला बाबांचे नेहमीचे मेकॅनिक आहेत, सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांच्याकडे पूर्वी अशा वस्तूंचे डबेच्या डबे असायचे. जुलै २०२१ च्या पुरात सावित्री बाजारपेठेत शिरली तेव्हा ते सगळं चिखलात गेलं. "जेट म्हणजे सुईच्या भोकासारखी वस्तू, त्यात माती गेली की संपलं," चाचा म्हणाले. मुंबईतही माल आटत चाललाय. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदवली गेली, तिची वीस वर्षांची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. टॅक्सीच नाही तर सुटे भाग कोण ठेवणार? शेवटी मुंबईतल्या एका जुन्या दुकानात न वापरलेला सोलेक्स मिळाला, वर्तमानपत्रात गुंडाळलेला.

घाई का होती, तर पुण्याचे एक गृहस्थ पुढच्या रविवारी गाडी बघायला येणार होते. आईचं म्हणणं, "अंगण अडवून बसलीये, द्या एकदाची." बाबांनी एकच अट घातली : "विकायची तर चालू करून विकू. भंगार म्हणून नाही."

बाबा आता चौऱ्याहत्तरचे. हल्ली ऐकू कमी येतं. कानाचं यंत्र आणलंय, ते कपाटात सुखरूप आहे :) ज्या माणसाने तीस वर्षं नुसत्या आवाजावर गाडी ट्यून केली, तो खुर्ची टाकून बसला आणि मी पाना हातात घेतला.

काम तसं सरळ असतं. बॅटरीची वायर काढा, एअर क्लीनर उतरवा. पेट्रोलची नळी, अॅक्सिलरेटरची जोडणी आणि चोकची वायर सोडवा, पण आधी फोटो काढून ठेवा. बुडाचे नट काढून जुना कार्ब्युरेटर उचलला की मॅनिफोल्डच्या तोंडावर लगेच स्वच्छ फडकं. एखादा वॉशर आत पडला तर इंजिन उघडायची वेळ येते. जुनं गॅस्केट खरवडून काढायचं, नवं घालायचं, नट आलटूनपालटून थोडे थोडे आवळायचे, म्हणजे बूड वाकत नाही. पेट्रोलची रबरी नळीही नवी घातली. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि जुन्या रबराला ते मानवत नाही.

मग बाबांची डायरी काढली. गाडीची डायरी, हो! त्यात त्यांच्या अक्षरात : 'मिक्श्चर स्क्रू पूर्ण बंद, मग दीड फेरा उघडा.' मी तंतोतंत तसंच केलं. चावी फिरवली. पाच-सहा आचके आणि चालू! आई पदर सावरत बाहेर आली. मला तर रिलीज झाल्याचा आनंद.

तो दहा मिनिटं टिकला. इंजिन गरम झालं तशी गाडी लंगडायला लागली, सायलेन्सरच्या तोंडाला काजळी, अंगणभर पेट्रोलचा वास. पेट्रोल जास्त जातंय हे उघड होतं. मी स्क्रू आत घेतला. थोडं बरं. अजून आत घेतला. अजून थोडं बरं. पाऊण फेऱ्यावर आलो तेव्हा गाडी शहाण्यासारखी उभी राहिली. जमलं!

बाबा उठले. मडगार्डवर हात ठेवून डोळे मिटून उभे राहिले. ऐकू येत नव्हतं, पण हाताला कळत होतं. मग म्हणाले, "रेस कर." केली. गाडी आधी गुदमरली, मग उचलली. बाबा आत वाकले, डॅशबोर्डवरची चोकची मूठ चिमटीत धरून हलवली.

"हिला ढील कुठंय?"

मूठ पूर्ण आत होती, पण वायर मी ताणून बांधली होती. या सोलेक्समध्ये चोक म्हणजे झडप नसते. थंड इंजिनला जादा पेट्रोल देणारी एक वेगळी छोटी वाट असते. मूठ आत ढकलली तरी माझ्या ताणलेल्या वायरमुळे ती वाट किंचित उघडीच राहत होती. आणि मी काय करत होतो? एका ठिकाणची चूक दुसऱ्या ठिकाणचा स्क्रू पिळून झाकत होतो. अहो, हेच ऑफिसात कुणी केलं असतं तर मी कोड रिव्ह्यूमध्ये त्याची सालटी काढली असती!

वायर सोडली, मुठीला दोन-तीन मिलिमीटर ढील ठेवून परत बांधली. आणि गाडी बंदच पडली. साहजिक आहे, माझा पाऊण फेरा त्या चुकीच्या हिशेबाने लावलेला होता. "आता स्क्रू पहिल्यापासून," बाबा म्हणाले. मी दीड फेरा लावला. चालली, पण मधूनच एक ठोका चुकत होता.

"बाबा, डायरीत तर दीडच आहे."

"डायरी तेव्हाच्या पेट्रोलची आहे."

इथे मी गप्प झालो. निव्वळ पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते, वीस टक्के इथेनॉलवाल्याला साधारण साडेतेरा पट. म्हणजे तेवढ्याच हवेला पेट्रोल थोडं जास्त हवं. नव्या गाडीत सायलेन्सरच्या वाटेवर ऑक्सिजन सेन्सर असतो, तो संगणकाला कळवतो आणि हिशेब आपोआप बदलतो. कार्ब्युरेटरला कुणी काही कळवत नाही. त्याचा सेन्सर म्हणजे बॉनेट उघडून उभा असलेला माणूस. आमच्या घरातला तो सेन्सर आता नीट ऐकू शकत नव्हता.

"तू ऐक," बाबा म्हणाले, "मी हात ठेवतो."

मी थोडा थोडा स्क्रू उघडत गेलो. आवाज आधी भरीव झाला, मग जड. जरा मागे आलो. आता ठोके सारखे पडत होते. मी बाबांकडे बघितलं, त्यांनी मडगार्डवरचा हात न उचलता मान हलवली. मोजलं तर पावणेदोन फेरे.

रविवारी सकाळी आंबेनळी घाटाच्या रस्त्याने एक चक्कर मारली. मी चालवत होतो, बाबा शेजारी, तळवा डॅशबोर्डवर. पहिल्या चढाला दुसऱ्या गिअरमध्ये गाडी कुरकुर न करता चढली. परतताना पोलादपूरच्या नाक्यावर थांबलो तेव्हा मला आयडलिंगमध्ये अगदी बारीकसा एक ठोका चुकल्यासारखा वाटला. बाबांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं.

"बाबा, एक मिसिंग आहे. बारीक."

त्यांनी तळवा नीट टेकवला. बराच वेळ. मग म्हणाले, "आहे. मला नाही कळलं." आणि खिडकीबाहेर बघत राहिले. थोड्या वेळाने, "प्लग काढून बघ घरी गेल्यावर."

घरी येऊन प्लग साफ केले. बाबांनी डायरीत 'दीड फेरा' खोडला नाही. त्याच्याखाली तारीख घातली आणि वही माझ्यापुढे सरकवली. 'पावणेदोन' मी लिहिलं.

पुण्याच्या गृहस्थांचा संध्याकाळी फोन येऊन गेला. मी अजून उलट फोन केलेला नाही. आईने दोनदा विचारलंय.

असो. उद्या सोमवार आहे.