गाडीचा पहांटेचा हट्ट

सोलापुरास थंडी ती केवढी! तरीहि गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत आमची जुनी डिझेल पिकअप पहांटे सुरू होईना. झालीच, तर पांढरा धूर सोडीत अडखळत चाले. चादरींचे गठ्ठे अंगणांत पडून राहत. एका कारागिरानें इंजिन उघडावयास सांगितलें; खर्चाच्या भीतीनें आम्हीं, वडिलांची गाडी असूनहि, ती विकावयास काढली. शेवटीं एका वृद्ध मिस्त्रीनें डिझेलचा हातपंप चारदोन वेळां दाबला मात्र, गाडी तत्काळ सुरू झाली! इंजिन शाबूत होतें. रात्रीं डिझेल टाकींत मागें उतरून नळींत हवा शिरत होती. पारदर्शक नळी जोडतांच बुडबुडे दिसले. फिल्टरजवळची रबरी नळी तडकली होती; ती बदलली. गाडी घेणारे गृहस्थ मात्र दुसऱ्या दिवशीं ठरल्या वेळीं दारांत उभे!