पवनीच्या वाटेवर रुसलेली गाडी

भंडाऱ्याहून पवनीकडे जाणारी वाट तुमच्यापैकी अनेकांच्या पायाखालची असेल. ऑक्टोबरात या वाटेने जावे. दोन्ही अंगांना धानाच्या बांध्या लोंबीवर आलेल्या असतात, आणि मधूनच एखादी बोडी किंवा मोठा तलाव चमकून जातो. हे मालगुजारी तलाव कोहळी समाजाच्या वाडवडिलांनी बांधले. उतार पाहून पाळ कुठे घालावी, हे त्यांना कोणत्या शाळेने शिकवले नव्हते. अशा ठिकाणी घटकाभर थांबावेसे वाटतेच. पण माझी पंचाईत अशी, की मी थांबलो की गाडीही बंद पडे.

गाडी जुनी, शंभर सीसीची, कार्ब्युरेटरवाली. धावताना तिची काही तक्रार नसे. मूठ सोडली की मात्र फुस्स! शेळ्या आडव्या आल्या, बंद. गतिरोधक आला, बंद. पंधरा दिवस मी तिला नुसती रेस देत हाकलली. ‘रोग दिसताच इलाज करा’ असे गावोगाव सांगत फिरणारा माणूस स्वतः काय करतो, ते पाहा.

अड्याळच्या पुढे एका शेतकऱ्याने तुडतुडे पाहायला बोलावले होते. उजवीकडच्या पांदणीत वळायला मूठ सोडली आणि गाडी ऐन रस्त्याच्या मधोमध थंड झाली. मागून धानाच्या पोत्यांचा ट्रक. पायाने ढकलत कसाबसा कडेला आलो. ट्रक हातभर अंतरावरून गेला. धुऱ्यावरून शेतकरी धावत आला. ‘‘साहेब, गाडी रुसली का जी?’’ माझ्या तोंडून शब्द फुटेना.

मोहाच्या झाडाखाली गाडी लावली. त्याने विडी काढली, ती मी परत खिशात ठेवायला लावली. पेट्रोलचे काम आणि विडी यांचे जमत नाही.

आता तुम्हीही लक्षात घ्या. आधी चोक ओढून पाहावा. चोक ओढल्यावर इंजिन टिकले, तर समजावे की पेट्रोल कमी पडते आहे किंवा कुठून तरी जादा हवा शिरते आहे. माझे तसेच झाले. मग पेट्रोलचा कॉक बंद करून कार्ब्युरेटरच्या तळचा स्क्रू सैल केला आणि आतले पेट्रोल काचेच्या बाटलीत घेतले. तळाशी पाण्याचे मणी! पाणी पेट्रोलपेक्षा जड, ते खालीच बसते. टाकीच्या झाकणाचे रबर कुजले होते, आणि गाडी पावसाळाभर उघड्यावर उभी. शिवाय आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते ओल ओढून घेते. तांदळापासूनही इथेनॉल करतात, तेव्हा त्यात आपला थोडा वाटा आहेच म्हणा!

पाणी काढूनही गाडी अडखळतच होती. मग स्लो जेट उघडला. मूठ सोडलेली असताना इंजिनला पेट्रोल मिळते ते याच वाटेने, आणि त्याचे भोक तुमच्या फवारणी पंपाच्या नोझलपेक्षाही बारीक. शेतकरी तार घेऊन आला. ‘‘नोझलमध्ये तार घालू नये, असं तुम्हीच सांगता ना जी?’’ असे म्हणून स्वतःच हसला. भोक मोठे झाले की माप बिघडते, इथेही तेच. पेट्रोलने धुऊन सायकलच्या पंपाने हवा मारली, तेव्हा आरपार उजेड दिसला. इंजिन गरम झाल्यावर स्लोचा स्क्रू हळूहळू फिरवून चाल बसवली.

एवढ्यानेही भागले नाही, तर कार्ब्युरेटर आणि इंजिन यांच्यामधले रबर चिरले आहे का पाहावे. मळणीच्या दिवसांत एअर फिल्टरमध्ये कोंडा भरतो, तो झटकावा. प्लगची फट साधारण ०.६ ते ०.७ मिलिमीटर असावी. व्हॉल्व्हचे काम मात्र मिस्त्रीकडे द्यावे. एप्रिल २०२० नंतरच्या बहुतेक गाड्यांत कार्ब्युरेटर नाही, इंजेक्शन आहे. ते घरी उघडू नये.

मग बांधीत उतरलो. चुडाच्या बुडाशी तुडतुडे होतेच, एका कोपऱ्यात धान करपलेले. पाणी तीन-चार दिवस बाहेर काढा आणि फवारा बुडाशी मारा, असे सांगितले. पानांवरून मारलेले औषध तिथवर पोचत नाही. आठवडाभर उशीर केला असता तर अख्खी बांधी गेली असती.

पवनीला पोचलो तेव्हा ऊन कलले होते. जुन्या तटाच्या दरवाजाशी गुरांचा कळप आडवा आला आणि थांबावे लागले. याच गावात जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० च्या उत्खननात प्राचीन बौद्ध स्तूप सापडला. वैनगंगा जवळच, आणि ज्याची पायाभरणी १९८८ साली झाली ते गोसीखुर्द धरणही इथून लांब नाही. गुरे निवांत चालली होती. गाडी मंद टुकटुकत उभी होती. कितीतरी दिवसांनी मला मूठ धरावी लागली नाही.

परतताना बाजारातून झाकणाचे रबर तेवढे घेतले.