सलामाला उत्तर किती जणांनी द्यायचं?

ईमेल गट ही तशी जुनी सोय. एक सामाईक पत्ता असतो, त्यावर पत्र टाकलं की ते सगळ्या सभासदांच्या पेटीत पडतं. व्हॉट्सअ‍ॅप आल्यावर हे गट संपले असं अनेकांना वाटतं. याहू ग्रुप्स तर १५ डिसेंबर २०२० ला बंदच झालं. पण मी ज्या गटात आहे तो चालू आहे. सभासद साडेतीनशेच्या आसपास. निम्मे कोकणातले, बाकीचे मुंबई, पुणे आणि आखातात. वय झालेली माणसं जास्त, त्यामुळे मय्यतीच्या खबरीही जास्त.

दोन पावसाळ्यांपूर्वी गटातले एक निवृत्त शिक्षक वारले. सकाळी पुतण्यानं पत्र टाकलं: इंतकाल झाला, जनाजा मगरिबनंतर. विषयाच्या जागी त्यानं नुसतं ‘सलाम’ लिहिलं होतं. त्याच्यावर कोसळलेलं दुःख पाहता त्याला दोष कोण देणार? तासाभरात उत्तरं सुरू झाली. कुणी सलामाला जवाब दिला, कुणी मगफिरतीची दुआ केली, आणि प्रत्येकानं ती सगळ्यांना पाठवली. प्रत्येक उत्तराच्या खाली आधीची सगळी पत्रं शेपटासारखी लटकलेली. दुपारी पुतण्यानं पुन्हा लिहिलं की पाऊस वाढतोय, कब्रस्तानातलं काम उजेडात व्हावं म्हणून जनाजा असरनंतर होईल. ते पत्र शंभरेक दुआंच्या मधोमध गेलं. पनवेलहून निघालेले मरहुमांचे दोन जुने दोस्त मगरिबच्या बेतानं पोचले, तेव्हा लोक हात धुऊन परत निघाले होते.

दुआ करणाऱ्यांची नियत वाईट नव्हती, हे सांगायलाही नको. म्हणूनच हा प्रश्न अवघड आहे. शिवीगाळ करणाऱ्याला गटातून काढता येतं. दुआ करणाऱ्याला काय सांगायचं?

सांगण्यासारखं आपल्याच घरात आहे. सलाम करणं सुन्नत, जवाब देणं वाजिब, हे मदरशातल्या पोरालाही ठाऊक असतं. पण सलाम जमावाला केला असेल तर एकानं जवाब दिला तरी सगळ्यांच्या डोक्यावरचं ओझं उतरतं, ही फिकहमधली गोष्ट आपण विसरतो. याला फर्ज-ए-किफाया म्हणतात. जनाजाची नमाजही त्याच प्रकारातली. साडेतीनशे जणांच्या गटात साडेतीनशे जवाब हवेतच असं नाही, आणि मनातल्या मनात केलेल्या दुआला ‘सर्वांना उत्तर’ या बटणाची गरज नसते.

तिकडच्या लोकांनाही हे कोडं पडलंच होतं. ऑक्टोबर १९९५ मध्ये सॅली हॅम्ब्रिज या इंटेलमधल्या बाईंनी इंटरनेटवरच्या वागणुकीची एक टिपण तयार केली, ती आरएफसी १८५५ या क्रमांकानं ओळखली जाते. विदेश संचार निगमनं आपल्याकडे सर्वसामान्यांना इंटरनेट दिलं ते त्याच वर्षी, १५ ऑगस्टला. म्हणजे आपण दारात पाऊल ठेवलं आणि दोन महिन्यांत घरातल्या रीतीभाती छापून आल्या. वाचल्या मात्र फार थोड्यांनी. नव्या गटात आल्यावर एक-दोन महिने नुसतं ऐकावं, राग आला असेल तर उत्तर एक रात्र थांबवून पाठवावं, एकट्यासाठीची गोष्ट एकट्याला लिहावी, जुन्या पत्रातला लागेल तेवढाच भाग ठेवून बाकीचा छाटावा, असं त्यात आहे. एखाद्या मोहल्ल्यात नवा भाडेकरू आला तर त्याला आजी याहून वेगळं काय सांगेल?

‘एकट्याची गोष्ट एकट्याला’ हे कलम मला सगळ्यात मोलाचं वाटतं. आमच्याच गटात एका बाईंनी मुलीच्या तलाकच्या कागदपत्रांबद्दल विचारलं होतं. त्यांना हवा होता एखाद्या वकिलाचा नंबर. तीन दिवस पुरुषमंडळी शरियत, कायदा आणि राजकारण यावर भांडत राहिली, आणि कुणीतरी त्यांचं मूळ पत्र नातेवाइकांत फिरवलंही. नंबर शेवटी एका तरुणानं दिला, गुपचूप, फक्त त्यांना. त्या बाईंनी त्यानंतर गटात एक ओळही लिहिलेली नाही.

मय्यतीच्या पत्रांबद्दल मी गटात सुचवलं की दुआ घरच्यांना थेट पाठवाव्यात. त्यावर रत्नागिरीच्या एका चाचांनी लिहिलं, “बेटा, माझी बीवी गेली तेव्हा ती सगळी पत्रं मुलानं छापून आणली. मी रोज दोन-दोन वाचायचो.” याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. त्या दुआ थोपवाव्यात असं मलाही वाटत नाही.

मग गट चालवणाऱ्यानं मधला रस्ता काढला. खबरीचं पत्र फक्त त्याच्याकडून जातं. विषयात ‘मय्यत’, मरहुमांचं नाव, गाव, नमाजेची वेळ आणि कब्रस्तान. त्यावर कुणी उत्तर देत नाही. वेळ बदलली तर विषयातच ‘वेळ बदलली’ लिहून नवं पत्र जातं. दुआंसाठी वेगळं पत्र संध्याकाळी, दफन झाल्यावर उघडतं, आणि तीन दिवसांनी ती सगळी पत्रं एकत्र करून घरच्यांना पाठवली जातात. गेल्या महिन्यात पहिल्या पत्राला तरीही चार उत्तरं आलीच. त्यातलं एक होतं, ‘कृपया मला या गटातून काढा’, तेही सगळ्यांना.