मग तो म्हातारा होतो का?

धनत्रयोदशीच्या संध्याकाळी आमच्या घरात सगळी माणसे कामात असतात नि मी एकटा तेवढा रिकामा असतो. चकलीच्या सोऱ्याला हात लावायला गेलो की सूनबाई म्हणते, "बाबा, तुम्ही बसा." आकाशकंदिलाची दोरी ओढायला गेलो की मुलगा म्हणतो, "बाबा, तुम्ही बसा." मग मी बसतो. यंदा माझ्या जोडीला सात वर्षांची नातही बसली होती. तिला सर्दी झाली होती नि फुलबाज्यांच्या धुरात जायची बंदी होती. दोन बंदिवान एका पलंगावर येऊन बसले की दुसरे काय होणार!

"आजोबा, गोष्ट सांगा."

"कोणती?"

"परीच्या मुलाची."

माझ्या छातीत धस्स झाले. ही गोष्ट तिच्या आजीची. तिला जाऊन दोन वर्षे झाली, आणि तेव्हापासून ती गोष्ट घरात कुणी मागितली नव्हती, कुणी सांगितली नव्हती. परी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे पंखांची बाई उभी राहते. परीला एखादा कर्ता मुलगा असेल नि त्याला स्वतःचे काही दुःख असेल, हे कुणाच्या मनातही येत नाही. आमच्या घरात तो मुलगा आजीने आणला. दाराआडून, वर्तमानपत्राआडून मी ती गोष्ट इतक्यांदा ऐकली होती की मला ती पाठ आहे अशी माझी समजूत होती. मी घसा साफ केला नि सुरुवात केली.

परीराज्याचा राजपुत्र एका रात्री एका मळ्यावर उतरला. मळ्यात माळ्याची मुलगी कंदील घेऊन वांग्यांना पाणी देत होती. (एवढ्या रात्री का? तर वीज रात्रीच यायची म्हणून. आजीची गोष्ट असल्या तपशिलात पक्की असे.) राजपुत्राला ती आवडली. त्याने तिला मागणी घातली. तिने कंदील वर करून त्याला न्याहाळले नि म्हणाली, "तुझी सावली कुठं आहे? उन्हातान्हात मी कुणाच्या सावलीला बसू? तुझे पाय जमिनीला टेकत नाहीत, तू माझ्याबरोबर चालणार कसा? तुला घाम येत नाही, म्हणजे तू कधी काम केलेलं नाहीस. तुझ्या गळ्यातला हार कोमेजत नाही, म्हणजे तुला शिळं-ताजं कळत नाही. आणि तुझी पापणी लवत नाही. असं टक लावून बघणाऱ्याची मला भीती वाटते. तू आधी माणूस हो, मग ये."

राजपुत्र वडाच्या झाडाला विचारायला गेला. वड म्हणाला, "पाच वस्तू देऊन टाक, माणूस होशील. पण दिलेलं परत मिळत नाही." मग तो निघाला. न लवणारी पापणी त्याने माशाला दिली. म्हणून मासा झोपेतही डोळे मिटत नाही. न कोमेजणारा हार गुलमखमलीला दिला. घाम न येणारे अंग अळूच्या पानाला दिले. पाहा त्यावर पाण्याचा थेंब ठरतो का! जमिनीला न टेकणारे पाय रुईच्या म्हातारीला दिले, ती अजून वाऱ्यावर हिंडते आहे. आणि सावली नसणे उरले ते दिव्याच्या ज्योतीला दिले. ते देताक्षणी त्याच्या पायाशी काहीतरी काळे लोळण घेऊन पडले. त्याने दचकून पाहिले, तर ती त्याची सावली.

इथवर छान झाले. नात गुडघ्यावर हनुवटी टेकून ऐकत होती. "मग त्यांचं लग्न झालं," मी म्हणालो, "आणि ती दोघं सुखानं नांदू लागली."

"मग तो म्हातारा होतो का?"

"छे! राजपुत्र कुठे म्हातारा होतो!"

तिने माझ्याकडे पाहिले. मास्तरांनी फळ्यावरची बेरीज चुकवली की हुशार पोरे पाहतात ना, तसे. "मग तो माणूस झालाच नाही," ती म्हणाली. "आजीच्या गोष्टीत होतो."

एवढ्यात तिला आईने काढा प्यायला बोलावले नि माझी सुटका झाली. पण सुटका कसली! आजीच्या गोष्टीत तो म्हातारा होतो, हे मला ठाऊकच नव्हते. आणि ठाऊक का नव्हते, तेही मला चांगले आठवत होते. ते शेवटचे पावसाळ्याचे दिवस होते. ती अंथरुणाला खिळली होती नि नात तिच्या कुशीत शिरून रोज हीच गोष्ट ऐके. एका संध्याकाळी माझ्या कानावर शब्द आले, "आणि मग त्याचे केस पांढरे व्हायला लागले." मी एकदम चिडलो. म्हणालो, "पोरीला झोपताना म्हातारपणाच्या नि मरणाच्या गोष्टी कशाला सांगतेस?" ती शांतपणे म्हणाली, "मग कधी सांगायच्या?" मी वर्तमानपत्र उचलून गॅलरीत जाऊन बसलो. मला राग पोरीसाठी आला नव्हता, हे आता कबूल करायला हरकत नाही. पुढचे मी ऐकले नाही; त्यानंतरही कधी ऐकले नाही.

त्या रात्री मला झोप येईना. उठून कपाटातले महाभारत काढले. राजपुत्राच्या त्या पाच वस्तू मला कुठेतरी भेटलेल्या वाटत होत्या. वनपर्वात त्या सापडल्या. बृहदश्व ऋषी युधिष्ठिराला नळाची कथा सांगतात, त्यातल्या स्वयंवरात. इंद्र, अग्नी, वरुण आणि यम असे चार देव दमयंतीच्या आशेने येतात नि नळाचेच रूप घेऊन त्याच्या शेजारी बसतात. दमयंतीपुढे पाच नळ! ती आपल्या सत्याची आण घालून देवांना विनवते, तेव्हा ते आपल्या खुणा उघड करतात. घाम नाही, पापणी लवत नाही, हार ताजे, अंगावर धुळीचा कण नाही, पाय जमिनीला टेकलेले नाहीत. आणि पाचवा मात्र भुईवर उभा. हार सुकलेला, अंगाला धूळ नि घाम, डोळे मिचकावणारा, शेजारी सावली. दमयंती त्याच्याच गळ्यात माळ घालते.

आमची ही मूळची अमरावती जिल्ह्यातली. वर्धा नदीकाठचे कौंडिण्यपूर म्हणजेच जुने कुंडिनपूर असे तिकडे मानतात. त्यामुळे दमयंती काय नि रुक्मिणी काय, दोघींविषयी ती 'आमच्याकडच्या' असेच बोले. माहेरी चातुर्मासात भारत वाचले जाई. रघुनाथ पंडितांचे 'दमयंती स्वयंवर' आम्ही शाळेत शिकलो ते त्यातल्या हंसापुरते. ती मात्र स्वयंवराच्या मांडवातून देवांच्या पाचही खुणा उचलून घेऊन आली होती नि माशाला, अळूला, रुईला वाटून मोकळी झाली होती!

मला त्या चार देवांचे नवल वाटते. त्यांना दमयंती हवी होती. पण त्यासाठी त्यांनी सोंग तेवढे घेतले. एकालाही वाटले नाही की आपण खरोखरच घामाघूम व्हावे. राज्य न सोडता वनवास भोगण्यातला प्रकार! आणि त्यांत यम असावा, ही तर मोठीच गंमत. जो साऱ्यांना नेतो तोच एका मर्त्य मुलीच्या दारी नवरदेव होऊन उभा. पण हरल्यावर देव दिलदारपणे वागले. प्रत्येकाने नळाला दोन दोन वर दिले. यमाने काय दिले असेल? धर्मावरची निष्ठा, हे त्याला शोभणारेच. पण दुसरा वर अन्नाच्या रुचीचा. नळपाक म्हणून आपण ज्याचे नाव घेतो, ती हाताची चव नळाला दिली ती यमाने! पुढे नळ कुरूप बाहुक होऊन अयोध्येच्या राजाचा सारथी होतो, कुणाला ओळखू येत नाही. तेव्हा दमयंती दासीकडून त्याच्या हातचे शिजवलेले मांस आणवते नि एक घास घेताच ओळखते की हा माझा नवरा. दोनदा तिने त्याला ओळखले. एकदा घामावरून, एकदा चवीवरून.

अशा गोष्टी परदेशांतही आहेत. अँडरसनची छोटी जलपरी १८३७ सालची. तिच्या जातीला तीनशे वर्षांचे आयुष्य आणि शेवटी समुद्राचा फेस. माणसाचे आयुष्य थोडे, पण त्याला आत्मा असतो. त्या आत्म्यासाठी नि एका राजपुत्रासाठी ती आपली जीभ देते. मिळालेल्या पायांनी चालताना प्रत्येक पावलाला सुऱ्यांवरून चालल्यासारख्या वेदना होतात, आणि राजपुत्र लग्न करतो दुसरीशीच. त्याला मारलेस तर परत जलपरी होशील, म्हणून बहिणी सुरी आणून देतात. ती सुरी समुद्रात फेकते. १९८९ मध्ये डिस्ने कंपनीने तिच्यावर चित्रपट काढला तेव्हा शेवट बदलून तिचे लग्न लावून दिले. म्हणजे मी पलंगावर बसून केले तेच!

मात्र आजीच्या राजपुत्राचा सख्खा भाऊ मला एका जर्मन चित्रपटात भेटला होता. विम वेंडर्सचा १९८७ सालचा; नावाचा अर्थ 'बर्लिनवरचे आकाश'. तो आम्ही दोघांनी पुण्यात एका फिल्म सोसायटीत, खालच्या इंग्रजी ओळी वाचत पाहिला. दामिएल नावाचा देवदूत लांब ओव्हरकोट घालून बर्लिनभर हिंडतो, माणसांच्या मनातले ऐकतो, नि सर्कशीत झोक्यावर कसरत करणाऱ्या एका मुलीवर त्याचा जीव जडतो. देवदूतांना जग काळेपांढरे दिसते. तो माणूस होतो तेव्हा त्याचे चिलखत वरून त्याच्याच डोक्यावर आदळते, रक्त येते. तो ते चाखून पाहतो नि खूश होतो! वाटेतल्या माणसाला थांबवून भिंतीवरचे रंग विचारतो, हा लाल का, तो पिवळा का; त्याच्याचकडून पैसे घेऊन टपरीवर गरम कॉफी पितो. बाहेर पडल्यावर ही मला म्हणाली, "मेला त्या कॉफीचं किती कौतुक करतो! आणि तुम्ही रोज थंड करता." मी त्या वेळी चित्रपटाच्या छायाचित्रणाविषयी काहीतरी बोलत होतो.

महाभारत मिटले तरी मिचकावणाऱ्या डोळ्यांची ती ओळ काही डोळ्यांपुढून हलेना. देवांना अनिमिष म्हणतात. ज्यांचे निमिष होत नाही ते. ही गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही. शेवटच्या महिन्यात मी रोज रात्री तिच्या उशाशी खुर्ची टाकून बसे. ती गेली त्या रात्रीही बसलो होतो. सगळे म्हणाले, "तुम्ही शेवटपर्यंत जागे होता, तिचं भाग्य." मी मान हलवली. मी जागा नव्हतो. तीन वाजता तिला घोटभर पाणी दिले, खुर्चीत बसलो नि माझा डोळा लागला. उघडला तेव्हा खिडकीत उजाडले होते.

दुसऱ्या दिवशी नरकचतुर्दशी. अभ्यंगस्नान झाले, फराळाचे ताट समोर आले. कडबोळी यंदा अंमळ कडक झाली होती, मी एक चहात बुडवून धरले नि नातीला म्हणालो, "काल माझी गोष्ट चुकली. आजीची पुढची गोष्ट तू मला सांग."

तिने आधी लाडू संपवला. मग म्हणाली, "तो म्हातारा झाला ना, तर त्याचे केस पांढरे झाले. मग दात पडले. मग माळ्याची मुलगी आजारी पडली."

"माळ्याची मुलगी?"

"ती पण म्हातारी झाली होती. तिला रात्री कुणीतरी बघायला लागायचं. पण त्याला झोप यायची. म्हणून तो माशाकडे गेला आणि म्हणाला, माझे डोळे परत दे, एका रात्रीपुरते दे. मासा म्हणाला, दिलेलं परत मिळत नाही."

"मग?"

"मग तो घरी आला आणि खुर्चीत बसला आणि झोपला. आणि घोरायला लागला." इथे तिने आजीसारखे घोरून दाखवले, म्हणजे आजी माझ्यासारखे घोरून दाखवी तसे. "मग तो वड आला, आणि म्हणाला, ए, ऊठ, ऊठ! तर माळ्याची मुलगी म्हणाली, नका उठवू त्याला. किती लांबून आलाय. माणूस आहे तो, त्याला झोप येणारच."

मी काही बोललो नाही. बाहेर कुणीतरी लवंगी फटाक्यांची माळ लावली होती. ती संपेपर्यंत आम्ही दोघेही थांबलो.

"पुढं?" मी विचारले.

"पुढं आजीच झोपायची. नाहीतर मी." ती ताटातल्या चिवड्यातले शेंगदाणे वेचू लागली. मग माझ्या कपाकडे पाहून म्हणाली, "आजोबा, तुमचं कडबोळं चहात पडलं."