सीमेपलीकडचा पगार, अलीकडचा दाखला

आम्ही धर्माबाद तालुक्यातले. रेल्वेनं धर्माबाद सोडलं की बासर, मग गोदावरी, मग निजामाबाद. आमच्या वस्तीतली निम्मी माणसं कधी ना कधी तिकडं मजुरीला गेलेली आहेत. त्यामुळं "तिकडं बरं आहे, सरकार सगळं देतं" हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो.

गेल्या वर्षी हा प्रश्न माझ्याच घरात आला. निजामाबादच्या एका संस्थेतून नोकरीचं विचारणं आलं. इथं मला २४,००० मिळतात, तिथं २६,००० मिळणार होते. बायको म्हणाली, "नुसता पगार बघू नका, वहीत मांडा." आम्ही मुलीच्या वहीतलं एक पान फाडलं आणि मधोमध रेघ ओढली. एका बाजूला महाराष्ट्र, दुसऱ्या बाजूला तेलंगणा.

पहिली ओळ कराची. आयकर केंद्राचा, तो दोन्हीकडं सारखाच आणि आमच्या उत्पन्नावर दोन्हीकडं शून्य. राज्याचा म्हणून पगारातून थेट कापला जातो तो व्यवसाय कर. महाराष्ट्रात माझे वर्षाला २,५०० जातात, तेलंगणात २,४०० गेले असते. फरक शंभर रुपयांचा. बायको हसली, मीही हसलो.

पण मित्रांनो, हाच कर खालच्या पगारावर लावून बघा. महाराष्ट्रात १२,००० पगार घेणारा कंत्राटी सफाई कामगार पुरुष असेल तर वर्षाला २,५०० भरतो. महिना दोन लाख घेणारा साहेबही २,५०० च भरतो, कारण संविधानाच्या कलम २७६ मधली कमाल मर्यादा १९८८ पासून तेवढीच आहे. कामगाराच्या उत्पन्नातले जवळपास पावणेदोन टक्के जातात, साहेबाचा एक दशांश टक्का. तेलंगणात १५,००० पर्यंत हा कर नाही. आपल्याकडं २०२३ पासून २५,००० पर्यंतच्या महिलांना सूट मिळाली, हे चांगलं झालं. पुरुष कामगाराची मर्यादा मात्र ७,५०० वरच अडकली आहे.

बाबासाहेबांनी १९२७ साली मुंबईच्या कायदेमंडळात शेतसाऱ्यावर हाच आक्षेप घेतला होता. आयकरात ठरावीक उत्पन्नापर्यंत माफी असते, मग एक-दोन एकरवाल्या गरीब शेतकऱ्याला पीक येवो न येवो सारा का? कर माणसाची ऐपत बघून लावा, हे त्यांचं म्हणणं. प्रांतिक वित्तव्यवस्थेवर १९२५ साली ग्रंथ लिहिणाऱ्या माणसाला आपण फक्त घटनाकार म्हणून मिरवतो. त्यांचं अर्थशास्त्र कधी वाचणार?

या व्यवसाय कराची आणखी एक गोष्ट आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर रोजगार हमी योजनेला पैसा हवा होता, म्हणून महाराष्ट्रानं १९७५ साली हा कर आणला. शहरातल्या पगारदारानं द्यायचा आणि गावातल्या भूमिहीनाला काम मिळायचं. माझी आई त्याच योजनेवर खडी फोडायला जात होती. म्हणून माझे २,५०० कापले जातात याचं मला दुःख नाही. साहेबाचेही तेवढेच कापले जातात, याचा राग आहे.

आता दुसरी ओळ, खर्चाची. तेलंगणात बायकांना साध्या आणि एक्स्प्रेस बसचा प्रवास डिसेंबर २०२३ पासून मोफत, आपल्याकडं अर्धं तिकीट. तिकडं रेशनकार्डवाल्या घराला २०० युनिटपर्यंत वीजबिल नाही. रेशनवर २०२५ पासून माणशी ६ किलो बारीक तांदूळ, आपल्याकडं ५ किलो धान्य. तेलंगणाची बाजू भरत गेली.

काही वर्षांपूर्वी धर्माबाद-बिलोली भागातल्या गावांनी "आम्हाला तेलंगणात घ्या" अशी मागणी केली होती. सगळ्यात मोठं आकर्षण होतं शेतीची मोफत वीज आणि एकरी मदत. पण एकरी मदत म्हणजे काय? ज्याच्याकडं एकर आहे त्याला. २०२५ च्या जाहीर दरानं १० एकरवाल्याला वर्षाला १,२०,००० आणि भूमिहीन मजुराच्या कुटुंबाला १२,०००. तेही योजना सुरू झाल्यावर सात वर्षांनी. आमच्या वस्तीत जमीन किती जणांकडं आहे? "राज्य बरं आहे" असं कुणी म्हणालं तर आधी विचारा, कुणासाठी?

तिसरी ओळ घरभाड्याची. मी निजामाबादला खोली बघायला गेलो. घरमालकानं भाडं सांगण्याआधी विचारलं, "तुम लोगां कौन?" मी म्हणालो, बौद्ध. खोली दुसऱ्याला द्यायची असल्याचं त्याला लगेच आठवलं. हा खर्च वहीत कुठं लिहायचा? आणि आपल्याकडं नांदेडमध्ये हा प्रश्न विचारतच नाहीत, असंही म्हणायची सोय नाही.

शेवटची ओळ बायकोनं लिहिली : "पोरीचा दाखला." तिथं पान थांबलं. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९० आणि १९९४ च्या निकालांनुसार, स्वतःहून दुसऱ्या राज्यात गेलेल्या अनुसूचित जातीच्या माणसाला त्या राज्याच्या प्रवेशात, नोकरीत आरक्षण मिळत नाही, जातीचं नाव तिथल्या यादीत असलं तरीही. आणि मुलीला पुढं इकडं परत आणायचं तर दहावी-बारावी कुठून केली, अधिवास कुठला, हे प्रश्न उभे. बस मोफत मिळावी म्हणून आधारवरचा पत्ता बदलायचा आणि त्याच पत्त्यानं तिचं कॉलेज हुकायचं. जात रेल्वेत आपल्यासोबत बसून येते, खोली मागताना आपल्याआधी पोचते. फक्त हक्क धर्माबादच्या फलाटावर उतरतो.

मी गेलो नाही. महिन्याचे दोन हजार सोडले. ज्यांना इथं कामच नाही ते मात्र रोज जातात, त्यांना हा हिशोब मांडायला फुरसत नाही.

"आमच्या टॅक्सवर जगता" असं तुम्हालाही कुणी ऐकवलं असेल. त्याला सांगा, माझी आई २९९ चं रिचार्ज मारते तेव्हा त्यातले सुमारे ४५ रुपये जीएसटीचे असतात, अर्धे केंद्राचे, अर्धे राज्याचे. ती आयकर भरत नाही, पण कर रोज भरते. म्हणून आपण भीक मागत नाही, हिशोब मागतो. कोणतं राज्य स्वस्त, यावर भांडण्यापेक्षा दोन मागण्या घेऊन उभं राहू : व्यवसाय कर ऐपतीप्रमाणे लावा, आणि पोटासाठी सीमा ओलांडणाऱ्याचा हक्क सीमेवर काढून घेऊ नका.

ते वहीचं पान मी जपून ठेवलंय. मुलगी मोठी झाल्यावर तिला दाखवणार आहे.

जय भीम.