जुन्या अमेरिकन तिकिटांची ओळख आणि किंमत

जुन्या अमेरिकन टपाल तिकिटावर देशाचे पूर्ण नाव बऱ्याचदा नसते. ‘यू. एस. पोस्टेज’ एवढी अक्षरे, एक चेहरा आणि सेंटमधली किंमत, एवढाच मजकूर. अमेरिकेच्या टपाल खात्याने १८४७ साली काढलेल्या पहिल्या दोन तिकिटांपैकी पाच सेंटच्या तिकिटावर फ्रँकलिन होता आणि दहा सेंटच्या तिकिटावर वॉशिंग्टन. पुढची पाऊणशे वर्षे हे दोन चेहरे पुन्हा पुन्हा येत राहिले. म्हणून चेहरा पाहून तिकिटाचे साल ठरवता येत नाही.

मध्य प्रदेशातल्या बालाघाटात प्रस्तुत लेखकाच्या हाती एक जुनी वही आली. तिच्यात इंग्रजांच्या काळातल्या भारतीय तिकिटांबरोबर काही पाने अमेरिकन तिकिटांची होती. विचारायला जवळपास तिकिटांचा व्यापारी नव्हता. भिंग, चिमटा, पट्टी आणि उसना आणलेला कॅटलॉग यांवरच काम सुरू झाले.

नवख्याची पहिली गाठ बहुधा १९०८ ते १९२२ या काळातल्या वॉशिंग्टन-फ्रँकलिन मालिकेशी पडते. त्या वहीतही तांबड्या दोन सेंटांची रांगच होती. ही तिकिटे एका साच्यातून काढल्यासारखी दिसतात, पण कॅटलॉगमध्ये त्यांचे शंभराहून अधिक प्रकार आहेत. आधी किंमत कशी लिहिली आहे ते पाहावे. सुरुवातीच्या दोन सेंटवर ती शब्दांत आहे, १९१२ पासून आकड्यात. मग कडेचे दात मोजावेत. दोन सेंटिमीटरमध्ये जितकी छिद्रे, तितके त्या तिकिटाचे माप. बारा आणि दहा यांतला फरक साध्या पट्टीनेही कळतो, अकराला मात्र डोळा तयार व्हावा लागतो. समोरासमोरच्या दोन कडा सरळ असतील तर ते गुंडाळीतले तिकीट असू शकते. मात्र साध्या तिकिटाचे दात कापून गुंडाळीतले म्हणून खपवण्याचा धंदाही जुना आहे, त्यामुळे रुंदी मापल्याशिवाय विश्वास ठेवू नये.

यानंतर जलचिन्ह. काळ्या बशीत तिकीट पालथे ठेवून त्यावर बेंझिनचे थेंब सोडले की कागदातली अक्षरे क्षणभर गडद दिसतात. हे काम खिडकी उघडी ठेवून आणि दिवा-काडीपासून दूर करावे. १८९५ पासून अमेरिकन कागदात दुहेरी रेषेतली अक्षरे होती, १९१० पासून ती एकेरी झाली आणि १९१६ नंतर जलचिन्ह जवळपास संपलेच. मराठी वाचकाला हीच परीक्षा घरच्या तिकिटांवर शिकता येते, आणि ती तिथेच शिकावी असे प्रस्तुत लेखकाचे ठाम मत आहे. पंचम जॉर्जच्या भारतीय तिकिटांत लंडनला छापलेल्यांच्या कागदात एकच तारा असतो. १९२६ पासून नाशिकला छापलेल्यांत अनेक तारे दिसतात. राजा तोच आणि किंमतही तीच, फक्त छापखाना वेगळा. भारतीय तिकिटे स्वस्त आणि मुबलक असल्याने हात बसेपर्यंत ती खुशाल वापरता येतात.

वय आणि किंमत यांचा संबंध लोक समजतात तितका जवळचा नाही. कोलंबसाच्या सफरीला चारशे वर्षे झाली म्हणून १८९३ साली शिकागोत प्रदर्शन भरले. विवेकानंद ज्या धर्मपरिषदेत बोलले, ती याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरली होती. तेव्हा निघालेल्या सोळा तिकिटांपैकी जांभळे दोन सेंट एकशे चाळीस कोटींहून जास्त छापले गेले आणि सव्वाशे वर्षांनंतरही ते किरकोळ पैशांत मिळते. त्याच मालिकेतले पाच डॉलरचे तिकीट तीस हजारांच्या आत छापले गेले होते. साल एकच, किमतीत मात्र जमीनअस्मानाचा फरक.

कॅटलॉगमधला भाव निर्दोष प्रतीचा असतो. चित्र कडांच्या मधोमध आहे का, दात शाबूत आहेत का, पाठीमागे कागद खरवडून पातळ झाला आहे का, घडी पडली आहे का, हे पाहिल्यावर तो भाव झपाट्याने उतरतो. साध्या तिकिटांपुढे छापलेली किमान रक्कम म्हणजे मुख्यतः विक्रेत्याच्या हाताळणीचा खर्च. तेवढ्या पैशांत ती कोणी विकत घेईल असे समजू नये. आपल्याकडे आणखी एक शत्रू आहे, तो म्हणजे पावसाळा. बालाघाटच्या दमट हवेत न वापरलेल्या तिकिटांचा डिंक वहीला चिकटतो आणि कागदावर तपकिरी ठिपके येतात. वही उभी ठेवावी आणि ओलसर भिंतीपासून दूर ठेवावी.

सुटे तिकीट आणि पाकिटावरचे तिकीट यांची तर तुलनाच होत नाही. उदाहरणार्थ, आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेला गेल्या आणि १८८६ साली फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या. त्या काळात अमेरिकेतून हिंदुस्थानात साधे पत्र पाठवायला पाच सेंट पडत. त्या किमतीचे चालू तिकीट होते खून झालेले राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांचे. ते १८८२ साली निघाले तेव्हा तपकिरी होते आणि १८८८ साली निळे झाले. म्हणजे त्या वर्षांत अमेरिकेहून हिंदुस्थानात आलेल्या पत्रावर तपकिरी गारफिल्ड असण्याची शक्यता मोठी. सुटे झाले की हे तिकीट हजारो तिकिटांसारखेच एक. पाकिटावर राहिले तर निघाल्याची तारीख, मार्गातले शिक्के, पोचल्याचा शिक्का आणि पाठवणाऱ्याचे हस्ताक्षर, सगळे एकत्र टिकते. अभ्यासाच्या दृष्टीने या ऐवजाला तोड नाही आणि बाजारातही बहुतेकदा त्यालाच जास्त मोल येते.

फार मोठी किंमत निघेल असे वाटणारे तिकीट सापडले तर तज्ज्ञ संस्थेचे प्रमाणपत्र मिळाल्याशिवाय ते विकू नये आणि विकतही घेऊ नये. आणि बालाघाट परिसरातल्या वारासिवनी, कटंगी, लांजी किंवा बैहरच्या घरातल्या जुन्या ट्रंकेत परदेशाहून आलेले पाकीट निघाले, तर त्यावरचे तिकीट कृपया कापू नका, वाफेवर सोडवू नका. आतल्या पत्रासकट ते आहे तसे कोरड्या जागी ठेवा.